रंध्याचा भुसा

६ मार्च

ही वही ह्यांची. पहिल्या अकरा पानांवर दारं, खिडक्या आणि एका कपाटाची मापं आहेत, पुढची पानं कोरी. कोरी पानं फेकवत नाहीत आणि जे लिहायचंय ते कुणाला सांगवत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी उंदीर पाळते. लिहिलं एकदाचं. साठीला टेकलेली बाई, नवरा जाऊन पाच महिने झालेले, आणि घरात उंदीर पाळते. तो कुठल्या बिळातून शिरलेला नाही. पिंजऱ्यातला, नाव ठेवलेला उंदीर आहे.

वरच्या मजल्यावर नणंद राहते. आज जिन्यात गाठून तिने माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. वाटलं, खायचं असेल. उघडलं तर सापळा, नवा कोरा. “दोन आणले होते, म्हटलं एक वहिनींना द्यावा,” म्हणाली, आणि चेहरा इतका सरळ ठेवून वर गेली की मला हसावं की रडावं कळेना.

तिचं नाव टोपडी. म्हणजे उंदरीचं, नणंदेचं नव्हे. अंग पांढरं, डोकं राखाडी. बाळाला टोपडं घालावं तशी दिसते. हे अंथरुणाला खिळले तेव्हा लेकीने दोन पिल्लं आणली, बाबांना विरंगुळा म्हणून. मी नाक मुरडलं होतं. पण ही ह्यांच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसायची, नाक तेवढं बाहेर. शेवटचे तीन आठवडे तो खिसा रिकामा राहिला नाही.

तिची बहीण दोन महिन्यांपूर्वी गेली. थोडे दिवस श्वास घेताना टिकटिक करायची, जुन्या घड्याळासारखी. मग एका सकाळी भुशात मुटकुळं करून पडलेली दिसली. एवढासा जीव, किती टिकणार, असं म्हणून मी तो विषय बंद केला.

हे प्राणी दोन-अडीच वर्षं जगतात. काल भांडी विसळताना एकदम लक्षात आलं: ह्यांच्या खिशात बसलेलं जे काही उरलंय, तेही संपणार. नळ चालू ठेवून मी तशीच उभी राहिले. टोपडीला पिल्लं व्हायला हवीत. असा विचार करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मीही तेच म्हणाले असते.

८ मार्च

वाचनालयात गेले. माझं शिक्षण चार इयत्तांचं. बाकीचं सगळं ह्या इमारतीतून आलंय. ग्रंथपाल मला तीस वर्षं ओळखतात. हळूच म्हटलं, “उंदरांवरचं पुस्तक आहे का?”

“मारायचं की वाचवायचं?” त्यांचा आवाज मोठा. मागे रांगेत दोन मुली.

“पाळायचं,” मी म्हटलं. मुली हसल्या. कान तापले माझे.

पण त्यांनी शोधून दिलं. मागच्या कपाटातलं, धूळ खात पडलेलं, तरी चांगलं जाड. संध्याकाळपर्यंत वाचत बसले. त्यात लिहिलंय की मादीला पहिली पिल्लं आठव्या महिन्याच्या आत व्हायला हवीत; पुढे कमरेचं हाड घट्ट होतं आणि आई-पिल्लं दोघांच्या जिवावर बेततं. टोपडीला सातवा महिना संपत आलाय. म्हणजे आता, नाहीतर कधीच नाही.

मी पुस्तक कधी गाळून वाचत नाही, छापखान्याचा पत्तासुद्धा वाचते. ह्यात फक्त एक प्रकरण सोडलं, बिछान्याचं. त्याची गरज नाही. गच्चीत ह्यांच्या रंध्याचा भुसा पाच पोती आहे. कारखान्यातून दर शनिवारी हे एक पोतं आणायचे, पाणी तापवायच्या बंबासाठी. त्या वासाच्या पिवळ्या लाकडाचा, केसांच्या बटांसारखा कुरळा. पोत्याचं तोंड सोडलं की हे मोरीत हात धूत असल्यासारखं वाटतं. झटकला की सोनेरी धूळ उन्हात कितीतरी वेळ तरंगत राहते. शिंका येतात, पण येऊ देते.

११ मार्च

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून नर आणला, दहा दिवसांच्या बोलीवर. दुकानदार म्हणाला, “काकू, पैसे नकोत. दोन पिल्लं द्या म्हणजे झालं.” टोपलीवर फडकं टाकून निघाले तर कोपऱ्यावर शेजारीण.

“काय आणलंत?”

“भाजी.”

भाजीने टोपली आतून खरवडली. शेजारणीने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “ताजी दिसतेय.”

आयुष्यात मी खोटं फार कमी बोलले, असं मला वाटायचं.

१३ मार्च

लेकीचा फोन. मी म्हटलं, “जावई आलाय गं.”

“आई, काय बोलतेस? तो इथे समोर चहा पितोय.”

मग सांगितलं. दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला आणि थांबेचना.

“आई, तू खोकतेयस.”

“हसतेय गं बाई.”

जावई थोराड, काळाभोर, स्वभावाने गरीब. आज दुपारी टोपडी त्याच्याभोवती पळायला लागली, कान थरथरवत. पुस्तकात हेच लक्षण दिलंय. मी पिंजऱ्यावर पडदा ओढून स्वयंपाकघरात गेले. मग वाटलं, उंदरांसाठी पडदा ओढणारी मी जगात एकटीच असेन.

२१ मार्च

जावयाची पाठवणी केली. बाळंतपणात नर ठेवायचा नाही. पिल्लं झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहते. बिचारीला दम तरी खाऊ दे.

४ एप्रिल

नऊ! पहाटे कधीतरी झाली असावीत. बोटाच्या एका पेराएवढी, गुलाबी, पोटाच्या कातडीतून आत गेलेलं दूध पांढरं दिसतं. एक थंड होतं. हात भुशात चोळून घेतले, आपला वास लागू नये म्हणून, आणि ते उचलून घेतलं. टोपडीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. उरलेली आठ पोटाखाली ओढून घेतली.

कुणाला सांगावं असं फार वाटलं. सांगण्यासारखं कुणी नव्हतं. ह्यांच्या खुर्चीला सांगितलं.

१८ एप्रिल

डोळे उघडले सगळ्यांचे. दोघांच्या डोक्यावर आईसारखं टोपडं आहे.

दुपारी नणंद तिच्या मैत्रिणींना घेऊन आली. दाराबाहेर आवाज ऐकला आणि मी पिंजरा उचलून न्हाणीघरात नेला, वर टॉवेल टाकला. चहा चालला असताना आतून किंचाळण्याचा आवाज आला.

“न्हाणीत कोण आहे?” एकीने विचारलं.

“नळाचा वायसर गेलाय,” मी म्हटलं.

नणंद चहा संपवून उठली. मैत्रिणींना वाटेला लावून एकटी परत आली आणि सरळ न्हाणीघरात जाऊन उभी राहिली. म्हणाली, “काढा तो टॉवेल, गुदमरतील.” एक पिल्लू तिच्या बाहीवर चढलं. ती हललीसुद्धा नाही. “दादा खिशात घेऊन बसायचा. डॉक्टर छाती तपासायला आला तरी काढलं नव्हतं. डॉक्टर दचकला होता.” मग पिल्लू माझ्या हातात दिलं. “तुम्हाला उंदरांची लाज वाटते की आमची?”

मी पिल्लू आईजवळ सोडलं.

९ मे

पाच आठवडे झाले. नर-माद्या वेगळ्या करायची वेळ. टोपडं असलेल्या दोन माद्या मी ठेवल्या. एकटा उंदीर झुरतो, म्हणून जोडीनेच द्यायचे, असं ठरवलं होतं.

दोन नर ग्रंथपालांना. त्यांनी आपणहून मागितले. “घरी पुस्तकं सोडून कुणी माझी वाट बघत नाही,” म्हणाले.

दोन माद्या तळमजल्यावरच्या शिंपीणबाईला. तिचे सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, अर्धं अंग लुळं. बोलतात ते फक्त शिव्या देण्यापुरतं. मी पिल्लं त्यांच्या छातीवर सोडली. म्हातारा छताकडे बघत होता, तो खाली बघायला लागला. “ह्या कोण?” म्हणाला.

“पाहुण्या आहेत, बाबा,” मी म्हटलं.

“पाहुण्यांना पाणी विचारलंत का?”

शिंपीणबाई शिलाई यंत्र थांबवून आमच्याकडे बघत राहिली. म्हणाली, “मावशी, महिन्याभरात ते पहिलंच सरळ वाक्य बोललेत.”

सगळ्यांना मी ह्यांच्या भुशाची एकेक पिशवी दिली, तोंड दोरीने बांधून. लेकीसोबत माहेरचं काहीतरी जातं तसं.

१२ मे

दुकानदाराकडे त्याच्या वाट्याचे दोन नर पोचवले. त्याने पिल्लं घेतली, हातात फिरवून बघितली, छान म्हणाला. पिशवी मात्र परत केली. “हा भुसा नको, काकू. ह्याची धूळ फार उडते.”

अपमान वाटला. ज्या माणसाच्या रंध्याखालून कागदासारखी पातळ बट निघायची, त्याच्या भुशाला हा धूळ म्हणतो. पिशवी उचलली आणि नमस्कार न करता आले.

२० मे

टोपडी शिंकते. नाकाखाली लाल डाग. पुस्तकात आहे की हे रक्त नसतं. ह्या प्राण्यांच्या डोळ्यांतलं पाणीच लाल असतं आणि बरं नसलं की येतं. कापसाने पुसलं. पुसलं की दिसत नाही.

पोतं नवीन उघडलं. पिंजऱ्यात दुप्पट भुसा घातला, ऊब मिळावी म्हणून.

२५ मे

पुस्तक परत करायला गेले. ग्रंथपाल म्हणाले, “ताई, धाकटा आवाज करतो. पेनाचं टोपण लावल्या-काढल्यासारखा. टक, टक.”

मी म्हटलं, “हवा बदलली की होतं.”

“असं का? मग ठीक.” आणि शिक्का मारला.

मला तो आवाज माहीत आहे. टोपडी आज सकाळपासून तोच करतेय. तिच्या बहिणीचाही तोच होता. आणि मी, तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला, डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, हवा बदलली की होतं.

२८ मे

टोपडीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाकावर कुत्रेवाले, मांजरवाले. “काय आहे टोपलीत?” एकाने विचारलं. ह्या वेळी भाजी म्हणाले नाही. उंदीर म्हणाले. तो थोडा सरकून बसला.

डॉक्टरीण तरुण आहे, माझ्या लेकीएवढी. टोपडीला कानाला लावून ऐकलं, नळी नंतर लावली. “बिछान्याला काय वापरता, काकू?”

मी सांगितलं. सांगताना आवाजात अभिमान होता, तो आता आठवला की अंगावर काटा येतो. माझ्या नवऱ्याच्या हातचा, अस्सल वासाच्या लाकडाचा, असं म्हणाले.

तिने टोपडीला टोपलीत ठेवलं. मग म्हणाली, “तो वासच ह्यांच्या फुफ्फुसाला लागतो. आणि धूळ. आजाराचं बी ह्यांच्या अंगात असतंच, पण भुशाने ते उठवलंय. आजपासून कपडा नाहीतर कागद घाला. तीन आठवडे औषध. वेळेत दिलं तर सुधारतात.” चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, “ह्याच बिछान्यावरची आणखी जनावरं आहेत?”

मी म्हटलं, “दोन पिल्लं, घरीच.”

चार दुसऱ्यांच्या घरी आहेत हे सांगितलं नाही. भुशाची पिशवी माझ्याच हाताने बांधून दिली हेही नाही. आपण होऊन तोंड मिटलं गेलं.

“आणि तुम्ही कधीपासून खोकताय?” तिने विचारलं.

“घसा बसलाय,” मी म्हटलं.

२९ मे

गेले नाही.

३१ मे

आजही सांगायला गेले नाही. शिंपीणबाईच्या दारापर्यंत गेले. आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. कुणाला तरी सांगत होता, “अगं, माझ्या कानात काय शोधतेस, तिथे काही ठेवलेलं नाही.” हसत होता. मी परत फिरले.

वाचनालयातून ते पुस्तक पुन्हा आणलं. ग्रंथपाल नव्हते, दुसऱ्या बाईने दिलं. बिछान्याचं प्रकरण अडीच पानांचं आहे. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, वासाच्या लाकडाचा भुसा कधीही वापरू नये. कधीही ह्या शब्दाखाली कुणीतरी जुन्या शाईने रेघ ओढलीय. अडीच पानं. माझ्यासारखीला दहा मिनिटं लागली असती.

हे वाचून दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. ती उंदरांची नाही. ती अजून लिहिता येत नाही.

१ जून

औषधाने टोपडी थोडी बरी आहे. कागदाच्या कपट्यांवर ठेवलंय. रागावल्यासारखी कोपऱ्यात बसते. म्हणजे औषध लागू पडतं. म्हणजे मी चार दिवस गप्प बसले, त्या चार दिवसांत दुसऱ्या चौघांनाही ते मिळालं असतं.

उद्या जाते.

२ जून

गेले. उशीर झाला होता.

ग्रंथपाल टेबलापाशी होते. मला बघून म्हणाले, “ताई, धाकटा काल गेला.” साधं सांगितलं, पुस्तक हरवलं असं सांगावं तसं.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भुसा, डॉक्टरीण, हवा बदलली की होतं हे खोटं. रांगेत लोक होते. आवाज कमी करावा असं वाटलं, केला नाही.

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “पुस्तक तुम्ही परत केलंत तेव्हा मी वाचलं. बिछान्याचं प्रकरणही वाचलं.”

“मग?”

“मग काय. तुम्ही हाताने बांधून दिलेली पिशवी. मला वाटलं, पुस्तक जुनं आहे, ताईंना जास्त माहीत असेल.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरल्याला घेऊन ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात गेले. मी बरोबर गेले. वाटेत ते खिडकीबाहेर बघत राहिले. पण टोपली माझ्या मांडीवर ठेवू दिली.

डॉक्टरीणबाईला आता सगळं सांगावंच लागलं. तिने शिंपीणबाईच्या दोघींसाठीही औषध दिलं. “तेव्हाच का नाही सांगितलंत?” म्हणाली. मी सांगितलं, लाज वाटली. तिने मान हलवली. तिला हे उत्तर रोज मिळत असावं.

३ जून

शिंपीणबाई एवढी भडकली की शिलाई यंत्राचं चाक हाताने धरून थांबवलं. “मावशी, माझ्या घरात आधीच एक माणूस श्वास मोजतोय. त्याच्या छातीवर तुम्ही आजारी जनावर ठेवलंत?”

“ते माणसाला लागत नाही, मी विचारून आलेय.”

“आता विचारलंत!”

बरोबर होतं तिचं. मी भुशाची पिशवी मागितली; तिने ती दारातून माझ्या पायाशी टाकली. धूळ उडाली आणि मला तो ठसका लागला. भिंतीला हात लावून उभी राहिले. तिने पाणी आणून दिलं, रागातच.

आतून म्हातारा ओरडला, “कोण खोकतंय? आत पाठव तिला.”

गेले. दोन्ही पिल्लं त्याच्या गळ्यापाशी झोपली होती. एकीचा आवाज दारातून ऐकू येत होता. चांगला हात त्याने तिच्यावर पालथा ठेवला होता.

“औषध कडू आहे?” त्याने विचारलं.

“गोड आहे, बाबा. थेंबाने द्यायचं. दिवसातून दोनदा.”

“मग मी देईन. सुनेला सांगा, हिशेब माझा. मला दुसरं काम काय आहे?” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “तुम्ही रडताय कशाला? मेलं कोण?”

मी म्हटलं, “माझे हे.”

“केव्हा?”

“आठ महिने झाले.”

“अच्छा,” तो म्हणाला, “मग रडा.”

५ जून

जे लिहिता येत नव्हतं ते.

ह्यांच्या कारखान्यात दरवर्षी तपासणी असायची. एक डॉक्टर येई, घाईत असे. छातीला नळी लावल्यासारखं करायचा आणि विचारायचा, खोकला येतो का. हो म्हणालं की माणसाला यंत्रावरून काढून फाटकावर बसवत. पगार तोच. फक्त फाटकावर.

तीन वर्षांपूर्वी, तपासणीच्या आदल्या दिवशी, हे म्हणाले, “सांगून टाकू का? सकाळी दम लागतो.” मी सुपातले दाणे निवडत होते. वर न बघता म्हटलं, “उगाच कशाला. गरम पाणी आणि मध घ्या. डॉक्टर विचारेल तेव्हा नाही म्हणा.”

लोक मला मुख्य मिस्त्रीची बायको म्हणायचे. नळावर, दुकानात, वाचनालयातसुद्धा. फाटकावर स्टूल टाकून बसलेला नवरा मला नको होता. दुसरं काहीही कारण नव्हतं. ते खरंच नाही म्हणाले. त्या वर्षीही आणि पुढच्या वर्षीही. आणि दर शनिवारी मला धुळीचं एक पोतं आणून देत राहिले, आणि मी त्याचा वास घेत राहिले.

मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही. लेकीला नाही. ह्यांनाही नाही; शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघत आणि मी विचारी, पाणी हवंय का.

७ जून

नणंदेला सांगितलं. तिच्याच घरी वर जाऊन. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बोलत होते तोपर्यंत तिने एकाच चादरीची घडी चार वेळा घातली आणि मोडली.

मग म्हणाली, “तुम्ही सांगितलंत, आणि त्याने ऐकलं. वहिनी, तो जन्मात कधी कुणाचं ऐकायचा?”

ही समजूत होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. तिचा चेहरा सापळा देतानासारखाच सरळ होता. डोळे मात्र लाल होते.

“मला तुमचा राग आहे,” ती म्हणाली. “तो जायला वेळ लागेल. घाई करू नका.” आणि चादर कपाटात ठेवून आली. “चला, ती पोती काढू.”

तीन भरलेली, एक अर्धं. नणंदेने डोक्याला फडकं बांधलं आणि मलाही नाकातोंडावर बांधायला लावलं. आधी पोत्यांवर बादलीने पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. भिजलेला भुसा काळपट झाला आणि त्याचा वास एकदम मोठा झाला, आणि मग गेला. जिन्यात शेजारीण भेटली. “काय आहे ह्यात?”

नणंद म्हणाली, “भाजी.” म्हणजे ती गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत आहे.

कचऱ्याच्या गाडीवाल्याने एकेक पोतं वर ओढून घेतलं. गाडी वळेपर्यंत आम्ही थांबलो.

८ जून

कपाटातून ह्यांचे सात शर्ट काढले. दोनदा उकळत्या पाण्यात धुतले. आता त्यांना कुणाचाच वास नाही, साबणाचा आहे. शिंपीणबाईच्या दारात घेऊन गेले आणि विचारलं, ह्या शर्टांच्या गाद्या शिवून देशील का, तिन्ही घरांसाठी. ती बराच वेळ शर्ट उलटेपालटे करत राहिली. “खिसे काढू की ठेवू?” म्हणाली.

ठेव म्हटलं.

अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. पण थोरली बिनआवाजाची झोपते, एवढं तिने दाराआडून सांगितलं. धाकटीचं अजून खरं नाही.

११ जून

टोपडी नव्या गादीवरच्या खिशात शिरली. मावत नाही, निम्मी बाहेर. मी कान लावून ऐकलं. थोडा आवाज आहे. डॉक्टरीण म्हणते, तेवढा राहील, पूर्ण जाणार नाही.

१४ जून

नणंदेने सकाळी दार वाजवलं. बाहेर जायच्या कपड्यांत होती. “तुम्ही पहाटे खोकता ते वरपर्यंत येतं. चला.”

“टोपडीचं औषध—”

“दिलंत. मी खिडकीतून बघितलं.”

माणसांच्या दवाखान्यात मोठी रांग होती. नणंद शेजारी बसली, माझी पिशवी तिच्या मांडीवर, सगळा वेळ भिंतीवरचं घड्याळ बघत. नंबर आला तेव्हा मी एकटीच आत गेले. डॉक्टर घाईत होता. नळी कानाला लावली, मान वर न करता विचारलं:

“खोकला येतो?”

तोंडात ‘नाही’ आलं होतं. किती सवयीचं, किती गुळगुळीत.

“हो,” मी म्हटलं. “बऱ्याच दिवसांपासून.”

त्याने मान वर केली. कागद पुढे ओढला आणि म्हणाला, “बसा. पहिल्यापासून सांगा.”